‘सगळे’ नावाचा पक्षी

इसमाचे नाव: तसव्वर मीरशिकार. वडिलांचे नाव: मरहूम इल्तिफात मीरशिकार. राहणार: मौजे सिरनिया, ब्लॉक बनवारा. वय: अंदाजे एकसष्ट (इसमाच्या सांगण्यानुसार ‘मोठ्या पुराच्या आदल्या हिवाळ्यातला’). उंची: पाच फूट चार इंच, पाण्याबाहेर. ओळखीची खूण: डाव्या हाताची करंगळी अर्धी. शिक्षण: निरंक. स्थावर मालमत्ता: निरंक. व्यवसाय: निरंक. पक्ष्यांविषयी शास्त्रीय ज्ञान: निरंक. पूर्वीचे गुन्हे: चार, सर्व पक्षी पकडल्याबद्दल. शिफारस: सदर इसम पक्षी निर्मूलनाच्या कामी अत्यंत योग्य.

हे वर्णन माझ्या अक्षरात आहे. बनवारा ब्लॉकच्या कचेरीत मी अठरा वर्षं किरानी, म्हणजे कारकून, होतो, आणि त्या काळात सरकारने ज्याला ज्याला योग्य ठरवलं, त्याचं वर्णन माझ्याच हातून वर गेलं. तसव्वरचं लिहिताना मात्र पेन एका जागी थांबलं. ‘व्यवसाय’ या रकान्यात काय भरायचं? त्याच्या घराण्यात सात पिढ्या पक्षी पकडत आल्या. मीरशिकार हे आडनावच मुळी त्या कामाचं. पण पक्षी पकडणं कायद्याने बंद, तेव्हा तो व्यवसाय होऊ शकत नव्हता. तो ‘पूर्वीचे गुन्हे’ या रकान्यात गेला. ज्यासाठी त्याला चार वेळा कोठडीत बसवलं, तीच आता त्याची पात्रता झाली. बीडीओ अखौरी साहेबांना यात काही वावगं दिसलं नाही, आणि त्यांना ते दाखवून देण्याचा पगार मला मिळत नव्हता.

प्रकरण भादव्यात सुरू झालं. बूढी गंडकेच्या अलीकडे आमचा चौर आहे, म्हणजे पावसात भरणारं आणि माघापर्यंत आटत जाणारं मैलभर उथळ पाणी, मधोमध एक बारमाही डोह. त्याच्या काठच्या तीन गावांत अकरा मुलं तापाने पडली. ताप, मग झटके, मग डोळे पांढरे. दोन गेली. आमच्याकडे याला चमकी म्हणतात. पाटण्याहून आलेल्या कागदात जपानी मेंदूज्वर म्हटलं होतं. अकरांत तसव्वरची नात तरन्नुम होती, नऊ वर्षांची. ती वाचली, पण उजवा हात तेव्हापासून तिचं ऐकत नाही. पेला धरायला गेली की बोटं आपली आपण सुटतात. ती डाव्या हाताने पाणी प्यायला शिकली, आणि कोणी बघत असलं तर पीतच नाही.

पाटण्याच्या कागदात खाली एक वाक्य होतं: हा विषाणू पाणपक्ष्यांच्या शरीरात राहतो व डासांमार्फत पसरतो. अखौरी साहेबांनी त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली. साहेब कामसू होते; रेघ मारली की तिच्यावर कारवाई करायचे. चौरात पक्षी आहेत, पक्ष्यांत ताप आहे, म्हणजे पक्षी गेले की ताप गेला. मुखिया बिंदेश्वर राय यांनी त्यात आपली भर घातली: पक्षी येतात पाण्याला, तेव्हा डोहाचा बांध फोडून पाणी कालव्यात सोडलं की पुन्हा म्हणून एक पंख दिसायचा नाही. डोहाच्या तळाची माती काळी, लोण्यासारखी आहे आणि तिला लागूनच मुखियाजींची भातशेती आहे, हा योगायोग ठरावात नमूद झाला नाही.

तर ठरलं असं की कार्तिक पौर्णिमेनंतरच्या सोमवारी बांध फोडायचा, आणि त्याआधी पाण्यावर असतील तेवढे पक्षी पकडून नाहीसे करायचे. एवढं पाखरू पकडू शकणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता.

त्याला बोलावलं, तेव्हा तो दारातच उभा राहिला. आदल्या माघात याच आवारातून त्याला चार अडयांसकट, म्हणजे शीळ घालणाऱ्या लहान बदकांसकट, दोरी बांधून नेलं होतं.

“या, तसव्वर मियाँ, बसा,” साहेब म्हणाले.

त्याने खुर्चीकडे पाहिलं. “कोठडीत खाली बसवतात, हुजूर. इथं खुर्ची देताय म्हणजे या खेपेचा गुन्हा मोठा असणार.”

साहेबांनी काम समजावून सांगितलं. माणसं मिळतील, होडी मिळेल, सरकारी कागद मिळेल. तसव्वरने शांतपणे ऐकून घेतलं.

“कुठले पक्षी, हुजूर?”

“सगळे.”

तसव्वरने गमछ्याने मान पुसली. “सगळे नावाचा पक्षी आमच्या चौरात उतरत नाही. दुसऱ्या नावांचे उतरतात. त्यातला कुठला पाहिजे?”

“अरे, पाण्यावर बसतात ते. बगळे, बदकं, असतील ते. पाखरू ते पाखरू.”

“बगळा आणि बदक एकच?”

“तापाला एकच.”

“मग तुम्ही आणि मुखियाजीही एकच. दोघंही खुर्चीवर बसता.”

मुखियाजी तिथंच बसले होते. ते म्हणाले, “जीभ फार चालते तुझी. नात मरता मरता वाचली. दुसरा असता तर न बोलावता जाळं घेऊन धावला असता.”

“नात माझी आहे म्हणूनच धावत नाही, मुखियाजी. मला ताप घालवायचाय. तुम्हाला पाणी घालवायचंय.”

साहेबांनी हात वर केला. “तुला काय म्हणायचंय ते नीट सांग.”

मग तसव्वरने सांगितलं. मी ते तेव्हा लिहून घेतलं नाही, कारण निरक्षर इसमाचं शास्त्रीय मत लिहायला रकाना नव्हता. त्याचं म्हणणं असं की तो चाळीस वर्षं दिवेलागणीच्या वेळी गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिलेला माणूस आहे. डोक्यावर मडकं, मडक्याला डोळ्यांपुरती दोन भोकं; पाखरांना वाटतं मडकं वाहत आलंय, आणि ती जवळ आली की पायाला धरून खाली ओढायची. त्या वेळेला डास किती उठतात आणि कुणावर बसतात, हे त्याच्याइतकं जवळून पाहायला दुसरं कोणी तिथं नसतंच.

“पूर्वी माझ्या आजूबाजूला दहा जातींची पाखरं असायची,” तो म्हणाला. “डास दहा ठिकाणी वाटला जायचा. अडईला चावला, चांदव्याला चावला, टिबुकलीला चावला, तिथंच त्याचं काम संपलं. आता आजूबाजूला बगळे आणि ढोकऱ्या, दुसरं नाव नाही. जो डास उठतो तो बगळ्यालाच चावून उठतो. तुम्ही बदकं मारा, डोह आटवा, बगळा जाणार नाही. त्याला डोह लागत नाही, भाताचा चिखल पुरतो. बदक जाईल. मग डास वाटायला उरेल कोण? बगळा, डुक्कर आणि आमची पोरं.”

“डुक्कर कुठून आलं मधेच?”

“ते तुम्हीच सांगा, हुजूर. काठावर तुम्हीच आणून सोडलीत.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाकडे पाहिलं. वराहपालन योजना, एकशे वीस नग, वाटप पूर्ण: ती फाईलही माझ्याच अक्षरात होती.

“बगळ्यानेच ताप येतो आणि अडईने येत नाही, हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. अकरा पोरांतली आठ पाकडीच्या झाडांखालच्या वस्तीतली आहेत, आणि पाकडीवर बगळे रात्रीला उतरतात. डोहाच्या काठी, बदकांच्या शेजारी आमचे मल्लाह, मासे धरणारे, राहतात, वीस घरं. तिथलं एक पोर पडलं नाही. मोजून घ्या.”

“तुझी नात तर वस्तीत राहत नाही.”

“माझी नात पाकडीखाली शाळेला जाते.”

साहेबांनी मोजलं नाही. म्हणाले, हे सगळं लेखी दे. तसव्वर म्हणाला, लिहिता येत नाही. साहेब म्हणाले, मग काम कर आणि बोलू नको. नाहीतर माघातला अडयांचा खटला पुन्हा उघडावा लागेल.

“उघडा,” तसव्वर दारातून म्हणाला. “बंद केला कधी होता?”

आश्विनात पाटण्याच्या प्रयोगशाळेतून डॉ. सुचरिता पाणिग्रही आल्या. ओडिशाच्या, बारक्या चणीच्या, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. त्यांच्याकडे परवाना होता: चौरातले पक्षी जिवंत पकडायचे, थेंबभर रक्त घ्यायचं आणि सोडून द्यायचे. पकडणार कोण, असं त्यांनी विचारलं, आणि ब्लॉकजवळ अत्यंत योग्य इसमाची शिफारस तयारच होती.

“चचा, एकही मरता कामा नये,” त्या त्याला पहिल्या दिवशी म्हणाल्या.

“जिवंत ठेव असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मॅडम. सांगून बघा. तेही येत असेल.”

येत होतं. आठ दिवसांत त्याने दोनशे बारा पक्षी पकडून दिले, एकोणीस जातींचे, आणि एकही मेला नाही. तो वेतासारखा वाकून पाण्यात बसायचा आणि तोंडातून असा आवाज काढायचा की पाणलावा चालत जाळ्यात यायचा. डॉक्टरीणबाई सुई टोचताना पक्ष्याचं लांबलचक लॅटिन नाव लिहायच्या, तो पलीकडून आपलं नाव सांगायचा. जांभळ्या पाणकोंबडीने चौथ्या दिवशी बाईंचा अंगठा फोडला. तसव्वर म्हणाला, “माझी करंगळी कासवाने नेली. तुमचं थोडक्यात भागलं.”

शेवटल्या दिवशी त्यांनी विचारलं, “पूर्वी किती जाती होत्या, चचा?”

तो पाण्याकडे बघत म्हणाला, “पुष्कळ.” याआधी त्याने पक्ष्यांबद्दल असं मोघम उत्तर कधी दिलेलं नव्हतं. माझ्या ते तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

रक्ताचे निकाल कार्तिक पौर्णिमेच्या तोंडावर आले. तापाच्या खुणा होत्या त्या जवळजवळ सगळ्या बगळ्यांत, ढोकऱ्यांत आणि रातबगळ्यांत. बाकीच्यांत तुरळक. डॉक्टरीणबाईंनी साहेबांच्या टेबलावर कागद पसरून सांगितलं: हा विषाणू बगळ्याच्या जातीत आणि डुकरात फोफावतो, इतर बऱ्याच पक्ष्यांत तो एकतर रुजतच नाही किंवा लवकर विझतो, इतका की पुढच्या डासाला त्यांच्याकडून काही नेता येत नाही. जाती जितक्या जास्त, तितके डासाचे चावे वाया. म्हणजे डोह आटवून बदकं हाकललीत, तर ताप वाढायची शक्यता अधिक.

“हे या एका मोसमाचं झालं,” साहेब म्हणाले. “पूर्वी इथे जाती जास्त होत्या आणि तेव्हा ताप कमी होता, असा काही पुरावा?”

“तापाची नोंदवही आरोग्य केंद्रात बावीस वर्षांची आहे. पक्ष्यांची नाही. इथले पक्षी कुणी कधी मोजलेच नाहीत.”

“मग माझा नाइलाज आहे, मॅडम. ठराव झालेला आहे. सोमवारी बांध फुटेल.”

तसव्वर दाराशी उभा होता. त्याने मला सलामही केला नाही, सरळ घरी गेला.

पुढचं बतूलनने, म्हणजे त्याच्या बायकोने, मला नंतर सांगितलं. मीरशिकारांत एक रीत आहे, ती ते कुणाला दाखवत नाहीत. कार्तिकात नवी दोरी वळायची. मोसमात ज्या जातीचं पाखरू पहिल्यांदा हाती येईल, त्याच्या डाव्या पंखाचं एक पीस दोरीत गाठवायचं. त्याच जातीची पुढे शंभर सापडली तरी दुसरं पीस नाही. चैत्रात दोरी संपली की कडुलिंबाचा पाला आणि तंबाखू घालून मडक्यात ठेवायची. एक साल, एक दोरी. सालाची गाठ वेगळी, त्यामुळे कुठली कधीची ते कळतं. तसव्वरच्या आढ्याला अशी मडकी टांगलेली होती, आणि प्रत्येक पीस हा कायद्याने एक वेगळा गुन्हा होता.

तो शिडी लावायला लागला तेव्हा बतूलन भाकरी करत होती.

“हात लावू नका सांगते, तरन्नुमचे नाना.”

“त्या बाईला पुरावा पाहिजे.”

“चार अडयांना बारा दिवस बसवलं तुम्हाला. यात किती पाखरं आहेत?”

“जेवढी पिसं तेवढी.”

“मग जन्मभर बसाल.”

“जन्मभर पाण्यात बसलो. तिथं कोरडं तरी असेल.”

तरन्नुम भिंतीशी टेकून बसली होती आणि पेला डाव्या हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होती. बतूलनने तिच्याकडे पाहिलं, तवा उतरवला, आणि शिडी धरायला आली. म्हणाली, “कोपऱ्यातलं मडकं राहू द्या. ते तुमच्या अब्बांचं आहे. ते गेले बिचारे, त्यांना कशाला गुन्हेगार करता?”

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात सभा होती, बांध फोडण्याची वेळ जाहीर करायला. साहेब होते, मुखियाजी होते, डॉक्टरीणबाई सामान बांधून आल्या होत्या, आणि बांध फोडायला जंगलखात्याची हरकत नाही हे सांगायला रेंजर तिर्की साहेब आले होते. तसव्वर डोक्यावर टोपली घेऊन आला. त्याने टोपली उतरवली आणि शाळेच्या ओसरीवर एकेक दोरी सोडायला सुरुवात केली, कुणाला न विचारता.

अडतीस दोऱ्या होत्या. पहिली ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. शेवटची त्याच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरली. मधल्या आखूड होत आल्या होत्या, एकदम नाही, पण जिथं झाल्या तिथं दिसण्याइतक्या. पटांगणातली माणसं उठून जवळ आली. कुणीतरी एका पिसाला हात लावला, तसव्वरने त्याचा हात बाजूला केला.

“पहिली एकाहत्तर,” तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. “परवाच्या चैत्रातली एकोणीस. तुमच्या सुईलाही एकोणीसच आल्या. मधलं तुम्ही मोजा, मला साठाच्या वर वेळ लागतो.”

बाईंनी बूट काढून ठेवले आणि ओसरीवर गुडघे टेकले. आरोग्य केंद्राची नोंदवही त्यांच्या पिशवीत होती. शेवटच्या बावीस दोऱ्यांपुढे त्या एकेक चिठ्ठी ठेवत गेल्या: त्या साली ताप किती मुलांना. लांब दोऱ्यांपुढे शून्य, एक, शून्य, दोन. दोऱ्या आखडत गेल्या तशा चिठ्ठ्या चढत गेल्या. दोन ठिकाणी उलटंही होतं, आणि बाईंनी त्या चिठ्ठ्याही झाकल्या नाहीत.

“पाहिलंत ना?” मुखियाजी मोठ्याने म्हणाले. “चोर आपल्या तोंडाने सांगतोय. चौरातली पाखरं यानेच संपवली.”

तसव्वर वळला. “मी पकडली. नाही कुठे म्हणतो? पिसं माझ्या हातची आहेत. पण मीरशिकाराने नेलेलं पाखरू भरून येतं, मुखियाजी, पाणी असलं तर. माझ्या आज्याने दोरी आखूड झाली की तो चौर दोन सालं सोडला होता. मीही सोडला असता. जाऊ कुठं? शेजारच्या चौरात भात लागला. त्याच्या पलीकडे वीटभट्टी बसली. ही दोरी बघा, बडका चौर आटवला त्या सालची. ही कालव्याच्या सालची. ही डुकरांची. मी पाखरं खाल्ली. तुम्ही पाणी खाल्लंत. माझं खाल्लेलं परत आलं असतं.”

साहेब डुकरांच्या दोरीपासून दोन पावलं मागे सरकले.

डॉक्टरीणबाई उठल्या. “यावरून सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. इतर कारणंही असतील, ती शोधावी लागतील. पण हे पाहिल्यावर उद्या बांध फोडा, असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही.”

“हे सरकारी कागदपत्र नाहीत, मॅडम,” साहेब म्हणाले. “ही पिसं आहेत.”

एवढा वेळ तिर्की साहेब खुर्चीवर बसून दोऱ्या वाचत होते. त्यांचे ओठ हलत होते. त्या माणसाला पक्षी कळत होते, हे मला त्या दिवशी समजलं. ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, “तसव्वर मियाँ, ही पिसं कुणाची?”

“माझी.”

“पाखरं कुणी पकडली?”

“आत्ताच सांगितलं की, हुजूर.”

“हे तुम्ही शंभर माणसांसमोर बोलताय.”

“मागून बोललो असतो तर तुम्हाला ऐकू आलं नसतं.”

कायद्याने तिर्की साहेबांना एकच गोष्ट करता येत होती, आणि त्यांनी ती केली. माल जप्त, पंच म्हणून अखौरी साहेब आणि मुखियाजी. पंचनामा लिहायला अक्षर चांगलं असलेला माणूस हवा होता, म्हणून मला बसवलं. मी लिहिलं: ‘पक्ष्यांची पिसे, विविध, दोऱ्या अडतीस.’ आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली.

“काय लिहिलंत ते वाचा, किरानीबाबू.”

मी वाचलं.

तसव्वरने हात मागे घेतला. “विविध म्हणजे काय?”

“म्हणजे सगळे.”

“सगळ्यांवर मी अंगठा देणार नाही. मी सगळे नावाचा पक्षी पकडलेला नाही. जे पकडले त्यांची नावं लिहा. कुठल्या सालात कुठला, तेही लिहा. गुन्हा माझा आहे, तो अर्धा का म्हणून नोंदवता?”

“अहो चचा, चौदाशेच्या वर पिसं आहेत.”

“मग बसा. मी कुठे पळून जातोय?”

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, उगाच वेळ काढतोय, विविधच राहू दे. तिर्की साहेबांनी टोपी पुन्हा काढली, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “आरोपीचं म्हणणं कायद्याला धरून आहे. प्रत्येक जातीला कलम वेगळं लागू शकतं. लिहा.”

तीन दिवस लागले. तसव्वर ओसरीवर उकिडवा बसून एकेक पीस बोटाने दाखवायचा: लालसरी, नर. तलवार बदक. थापट्या. कमळपक्षी, पावसाळी पिसाऱ्यातला. शेकाट्या. डॉक्टरीणबाईंनी परतीचं तिकीट रद्द केलं आणि प्रत्येक नावापुढे लॅटिन नाव घातलं. तिर्की साहेब कलम सांगायचे. बतूलन दुपारी सत्तू आणि कांदा पाठवायची, आरोपीला, पंचांना आणि सरकारला सारखाच. एकदा एका करड्या पिसावर तसव्वर अडला. बराच वेळ ते उजेडाला धरलं आणि म्हणाला, “हा माझ्या लग्नाच्या साली आला होता. पुन्हा दिसला नाही. नाव आठवत नाही. लिहा, नाव आठवत नाही.” मी लिहिलं. त्यावर कलम लागू शकलं नाही.

सोमवार त्यातच निघून गेला. जप्तीचा माल ओसरीवर आणि पंच पंचनाम्यात, तेव्हा बांध फोडायला सह्या करणारं कुणी मोकळं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी एकूण नग एक हजार चारशे सत्याऐंशी भरले. पंचनामा त्रेसष्ट पानांचा झाला. त्यावर माझं अक्षर, पंचांच्या सह्या, रेंजरचा शिक्का आणि खाली अर्ध्या करंगळीच्या हाताचा अंगठा. म्हणजे बनवाऱ्याच्या चौरात अडतीस वर्षांत कुठकुठले पक्षी होते, याचा पूर्ण सालवार सरकारी कागद तयार झाला. डॉक्टरीणबाईंनी त्याच संध्याकाळी त्याची प्रमाणित नक्कल मागितली. अर्ज नियमात होता. मी नक्कल दिली. साहेबांना तो कागद म्हणजे पिसं आहेत असं म्हणता येईना.

तसव्वरला गुरुवारी नेलं. जाताना तो मुखियाजींच्या दारावरून गेला आणि थांबून म्हणाला, “बांधावर लक्ष ठेवा, मुखियाजी. मी नाही इथे, पाखरं तुमच्या भरवशावर.” शिपायाला हसू आवरलं नाही म्हणून त्याला नंतर समज मिळाली.

तो एकोणीस दिवस आत होता. तेराव्या दिवशी जिल्ह्यावरून हुकूम आला: पंचनाम्याची नक्कल व प्रयोगशाळेचा अहवाल पाहता बांध फोडण्याचे काम पुढील आदेशापर्यंत स्थगित, काठावरील डुकरे गावापासून व पाण्यापासून दूर हलवावीत. हुकमाची वार्ता बतूलन भेटीला जाऊन सांगून आली. तो म्हणाला, “डुकरं नेली का?” ती म्हणाली, नेली. तो म्हणाला, “मग मुखियाला विचार, आता तो कुणाच्या शेजारी बसतो.”

खटला अजून चालू आहे. तारखेला तो जातो. न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल? तो म्हणतो, नावं वाचून दाखवा, एकेकाचं सांगतो. नावं वाचायला वेळ नसतो म्हणून पुढची तारीख पडते. जाळं त्याने गुंडाळून आढ्याला बांधलं. लोक म्हणतात घाबरला. त्याला हे सांगितलं की तो म्हणतो, “आज्याने दोन सालं सोडला होता. माझी अजून पुरी व्हायची आहेत.” तरन्नुमला त्याने डाव्या हाताने गाठ मारायला शिकवलं.

पुढच्या पावसाळ्यात चार मुलं आजारी पडली, त्यातलं कुणी गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पत्रात बजावलं की एका वर्षावरून काही ठरवायचं नसतं. तसव्वरनेही ठरवलं नाही. तो संध्याकाळी डोहाच्या काठाने फिरतो आणि वाकून वाकून काहीतरी उचलतो. गळालेलं पीस बाळगणंही गुन्हाच आहे. हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं की पंचनाम्याला कधी बसायचं.

राहिली ती निर्मूलनाची फाईल. मार्चअखेर उघडी फाईल ठेवता येत नाही, आणि स्थगित झालेलं काम दाखवायला आमच्याकडे रकाना नाही. साहेबांनी मजकूर सांगितला, मी लिहिला: ‘पक्षी निर्मूलन कार्य, मौजे सिरनिया. नेमलेला इसम: तसव्वर मीरशिकार. काम पूर्ण. चौरातील शिल्लक पक्षी: निरंक.’

त्या चैत्रात तसव्वरच्या नव्या दोरीवर सव्वीस पिसं होती.